मेदुसाच्या केसांत साप कधी आले?

भाकरी थापत असाल तर थापत राहा, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा. आज आम्ही बचतीवर बोलणार नाही, हप्त्यांवर तर नाहीच. आज एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट ग्रीस देशातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. पण आम्हाला ती भेटली कोल्हापुरात.

झालं असं, की दिवाळीआधी आमच्या चार गटांच्या बाया चटण्या, पापड आणि शेवया घेऊन कोल्हापूरला प्रदर्शनात गेलो होतो. अंबाबाईचं दर्शन झालं, शेवटच्या दिवशी दुपार मोकळी मिळाली, म्हणून टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये शिरलो. खरं सांगायचं तर उन्हातून सावलीला म्हणून शिरलो. तिथे एक लहानशी धातूची मूर्ती आहे, दाढीवाल्या पुरुषाची. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे ना, तिथे १९४० च्या दशकात जमिनीत जुन्या काशाच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यातली ही. आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या आक्का काचेला नाक लावून म्हणाल्या, "ह्यो कुठला देव गं? आपल्यातला दिसत न्हाई."

त्या देवाचं नाव पोसायडन. ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचा माल जहाजांनी रोमच्या राज्यापर्यंत जायचा, तिकडचा इकडे यायचा, त्यात हा आला. यवनही आले. यवन म्हणजे मुळात ग्रीक. कार्ल्याच्या लेण्यातले काही खांब यवनांनी दान दिलेले आहेत, तसे लेख त्या खांबांवरच कोरलेले आहेत. एकविरेला जाताना ज्या बाया शेजारचं लेणं बघत नाहीत त्यांनी पुढच्या वेळी जरूर बघावं.

परतीच्या एसटीत आक्कांनी विचारलं, या देवाची काही गोष्ट आहे का. आम्हाला बी.ए.ला असताना वाचलेली एक आठवली. ती पोसायडनची म्हणून आम्ही सुरू केली आणि ती दुसऱ्याच कुणाची निघाली.

आर्गोस नावाच्या गावचा एक राजा होता. त्याला भविष्य कळलं, की तुझ्या मुलीच्या पोटी येणारा मुलगा तुला मारणार. मुलीचं नाव दानाई. बापाने काय केलं, तर मुलीलाच ब्राँझच्या कोठडीत कोंडलं. तरी देवांचा राजा झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन तिच्यापर्यंत पोचला आणि तिला मुलगा झाला. त्याचं नाव पर्सियस. बापाने मायलेकरांना एका पेटीत घालून समुद्रात सोडलं. पेटी सेरिफोस नावाच्या बेटाला लागली, एका कोळ्याने बाहेर काढली, मुलगा तिथेच मोठा झाला. आता त्या बेटाच्या राजाची नजर दानाईवर गेली. वयात आलेला मुलगा आड येतोय म्हणून राजाने त्याला अशा कामाला धाडलं, जिथून माणूस परत येत नाही. "जा, मेदुसाचं मुंडकं आण."

मेदुसा म्हणजे कोण? तीन बहिणी होत्या, त्यांना गॉर्गन म्हणत. त्यातल्या दोघी अमर आणि तिसरी, मेदुसा, मरणारी. हिच्या केसांच्या जागी साप, आणि हिच्या तोंडाकडे जो बघेल त्याचा दगड होणार. पर्सियसला अथेना देवीने मदत केली. देवांकडून त्याला पंखांचे जोडे, अदृश्य करणारी टोपी आणि कोयत्यासारखं हत्यार मिळालं. मेदुसा झोपली असताना त्याने ढालीत तिचं प्रतिबिंब बघत तिचं मुंडकं उडवलं आणि पिशवीत घातलं. तिच्या कापलेल्या मानेतून पंखांचा घोडा आणि एक पुरुष बाहेर आले, कारण ती पोटुशी होती. येताना पर्सियसने समुद्रातल्या राक्षसाच्या तोंडून एक राजकन्या सोडवली, तिच्याशी लग्न केलं, घरी येऊन त्या वाईट राजाला मुंडकं दाखवून दगड केलं, आई सोडवली. पुढे थाळीफेकीच्या खेळात त्याची थाळी म्हाताऱ्या आजोबाला लागली आणि भविष्यही खरं झालं. संपली गोष्ट.

एसटीत सगळ्या गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "ती झोपलेली होती?" दुसरी म्हणाली, "आणि पोटुशी?" आक्का म्हणाल्या, "आईला सोडवायचं म्हणून दुसऱ्या बाईला मारलं. तिनं ह्याचं काय घोडं मारलं हुतं?" आणि शेवटी, "पर समुद्राचा देव कुठाय ह्यात?"

हाच प्रश्न आम्हाला पुरला. गावी आल्यावर आम्ही वाचनालयात, फोनवर, जिथे मिळेल तिथे वाचत बसलो. आणि कळलं ते असं, की मेदुसाची गोष्ट एक नाहीच. ती दर दोन-तीनशे वर्षांनी बदलत गेली. पर्सियस साधारण तसाच राहिला. त्याचं काम ठरलेलं, त्याचं कौतुक ठरलेलं. मेदुसा मात्र प्रत्येकाने आपल्याला हवी तशी करून घेतली.

सगळ्यांत आधी होमर. त्याच्या काव्यात गॉर्गनचं मुंडकं आहे, अथेनाच्या चिलखतावर आणि राजाच्या ढालीवर. पण ते मुंडकं कुणाचं, का कापलं, याचा पत्ता नाही. नुसती भीती. ग्रीक लोक तसं भेसूर तोंड, जीभ बाहेर, डोळे वटारलेले, कौलांवर, ढालींवर, पेल्यांवर काढायचे, वाईट ते दूर राहावं म्हणून. आपल्याकडे देवळाच्या दाराशी कीर्तिमुख असतं, नव्या घराला भोपळा आणि काळी बाहुली टांगतात, त्याचीच जात म्हणा. म्हणजे आधी नुसतं तोंड होतं. बाई मागून आली असावी, असं आम्हाला वाटतं.

मग हेसिअड नावाचा कवी, इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा. तो स्वतः शेती करणारा माणूस होता. तो म्हणतो, या तीन बहिणी, त्यातली मेदुसा मरणारी, आणि समुद्राच्या देवाने तिच्याशी संग केला तो मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांत. जबरदस्तीचा शब्द नाही, शापाचाही नाही. साप तर तो तिच्या केसांत घालतच नाही. पर्सियसने तिचं डोकं कापलं, घोडा बाहेर आला, एवढंच. का कापलं ते सांगायची त्याला गरजच वाटली नाही. हे वाचून आम्हाला राग आला, पण एक मान्य करायला हवं, हेसिअडने निदान तिला दोष दिला नाही.

त्यानंतरच्या काळातली एक मातीची मोठी रांजणासारखी कोठी पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. तिच्यावर पर्सियस तोंड फिरवून मान कापतोय, आणि मेदुसा आहे झगा घातलेली बाई, जिला मागून घोड्याचं धड आहे! साप नाहीतच. कुणाला अजून ठरवता येत नव्हतं ती दिसते कशी. कोर्फू बेटावरच्या एका देवळावर, इ.स.पू. ५८० च्या सुमारास, ती दगडात कोरली आहे, माणसापेक्षा कितीतरी मोठी, साधारण तीन मीटर. कमरेला सापांचा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना तिची दोन्ही लेकरं. आता बघा, गोष्टीत तर लेकरं ती मेल्यावर जन्मली. पण त्या मूर्तिकाराने तिचं डोकं धडावर ठेवून लेकरं शेजारी उभी केली. देवळाच्या कपाळावर, लेकुरवाळी. फोनवरचा तो फोटो आम्ही बैठकीत फिरवला तेव्हा बाया बराच वेळ फोन सोडेनात.

आणि मग आला पिंडार. इ.स.पू. ४९० मध्ये एका वाद्याच्या स्पर्धेत मिडास नावाच्या वादकाचा पहिला नंबर आला. वाद्य म्हणजे आपल्या सनईसारखं फुंकून वाजवायचं, दोन नळ्यांचं. त्याच्यासाठी पिंडारने गीत रचलं, आणि त्यात सांगितलं की हे वाजवणं जगात आलं कुठून. पर्सियसने मेदुसाला मारलं तेव्हा तिच्या बहिणींनी जो आकांत केला, तो अथेनाने ऐकला, आणि त्या रडण्यावरून तिने हे सूर बांधले. याच गीतात तो मेदुसाला सुंदर गालांची म्हणतो.

इथे आम्ही थांबलो. इतकी वर्षं ही गोष्ट माहीत असून बहिणी होत्या हे आमच्या डोक्यातच नव्हतं. तीन बहिणी म्हटलं, मोजल्या आणि विसरलो. मारणारा पिशवी घेऊन निघून जातो, सगळे त्याच्यामागे जातात. मागे राहिलेल्या दोघी काय करत होत्या हे एका वादकाचं कौतुक करताना, येता जाता, कळतं. आमच्यातली एक नवऱ्याच्या माघारी तीन वर्षं एकटीने पाच एकर ऊस करते. ती म्हणाली, "रडण्याची पण चाल त्यांनीच नेली."

त्यानंतर चित्रकारांनी मेदुसाला सुंदरच काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात इ.स.पू. ४५० ते ४४० च्या सुमाराची एक सुरई आहे, तिच्यावर ती झोपलीय, उशाशी हात घेऊन, साधी बाई. पर्सियस वाकून कोयता लावतोय. राक्षसीण मारणं सोपं असतं, पण हे चित्र बघवत नाही.

आता येतो सगळ्यांत मोठा बदल. रोममध्ये ओव्हिड नावाचा कवी होता. त्याने इ.स. ८ च्या सुमारास रूपं बदलण्याच्या गोष्टींचं मोठं काव्य पुरं केलं. म्हणजे हेसिअडनंतर तब्बल सातशे वर्षांनी. आज आपण जी मेदुसा ऐकतो ती बरीचशी याची. हा सांगतो, की मेदुसा फार देखणी मुलगी होती, किती जणांची मागणी होती तिला, आणि सगळ्यांत सुंदर होते तिचे केस. समुद्राच्या देवाने तिच्यावर देवीच्या देवळातच अत्याचार केला. देवीने काय केलं? तोंड फिरवलं आणि डोळ्यांपुढे ढाल धरली. मग हे असं शिक्षेवाचून जाऊ नये म्हणून तिने त्या मुलीचे केस सापांचे केले.

मुलीचे, देवाचे नव्हे.

बैठकीत हे वाचलं तेव्हा आक्का ताडकन म्हणाल्या, "आणि त्या दाढीवाल्याला कोण काय बोललं न्हाई? आम्ही त्याला हात जोडून आलो की गं!" हसू आलं आणि नाहीही आलं. एकीला अहल्या आठवली. आम्ही शोधलं, तर वाल्मीकींच्या रामायणात ती शिळा झालेलीच नाही, तिथे ती राखेत, कुणाला न दिसता पडून राहते. शिळा नंतरची. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी बोलू.

ओव्हिडची आणखी एक खुबी आहे आणि ती आमच्या लक्षात दुसऱ्या वाचनात आली. ही हकीगत तो स्वतः सांगत नाही. पर्सियसच्या लग्नाची पंगत चालू आहे, कुणी पाहुणा विचारतो, "तिघी बहिणींत हिच्याच केसांत साप का?" आणि उत्तर कोण देतं? पर्सियस. ज्याने झोपेत तिची मान कापली तोच, स्वतःच्या लग्नाच्या जेवणात, तिचं चारित्र्य सांगतोय. आपणही तेच ऐकत आलो. मेदुसा त्या काव्यात स्वतः एक शब्द बोलत नाही.

याच्या पुढे तर काय, ज्याला जे सुचेल ते. अपोलोडोरसच्या नावावर एक जुना कथासंग्रह आहे, त्यात म्हटलंय की काहींच्या मते तिने सौंदर्यात अथेनाशी बरोबरी करायची इच्छा धरली म्हणून तिला मारलं. म्हणजे आता अत्याचारही गेला, राहिला तिचा नखरा. उलट दुसऱ्या शतकातला पॉसॅनियस नावाचा प्रवासी आर्गोसच्या बाजारात जातो, तिथे एक मातीचा ढीग दाखवतात, याखाली मेदुसाचं डोकं आहे म्हणून. तो लिहितो, चमत्काराचा भाग सोडला तर ती लिबियाकडच्या एका तळ्याभोवतीच्या लोकांची राणी होती, शिकारीला जायची, लढाईत पुढे असायची, आणि तिला रात्री दगाबाजीने मारलं. आमच्या गटात सर्वांत जास्त मतं या गोष्टीला पडली. खरी म्हणून नव्हे, ती कुणालाच माहीत नाही. पण यात ती निदान घोड्यावर बसलेली दिसते. घोडा मात्र आम्हीच घातला, पॉसॅनियस घोड्याचं काही बोलत नाही. बघा, आम्हीही बदललीच गोष्ट.

मधली तेरा-चौदाशे वर्षं सोडून देतो. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १५५४ मध्ये चेलिनी नावाच्या शिल्पकाराने पर्सियसचा ब्राँझचा पुतळा उभा केला. मुंडकं उंच धरलेलं, पायाखाली धड. तिथल्या ड्यूकने तो भर चौकात लावला, म्हणजे लोकांनी ओळखून असावं. आणि २००८ मध्ये लुचियानो गर्बाती या शिल्पकाराने उलटा पुतळा केला, मेदुसा उभी आहे, एका हातात तलवार, दुसऱ्यात पर्सियसचं मुंडकं. २०२० मध्ये तो न्यूयॉर्कला फौजदारी कोर्टासमोरच्या बागेत काही महिने ठेवला होता. तेव्हा जगभरातल्या बाया 'मी टू' म्हणून आपल्यावरचे अत्याचार उघड बोलू लागल्या होत्या. तिथल्या बायांनी या पुतळ्यावरही बोट ठेवलं, की मुंडकं पर्सियसचं का? पोसायडनचं का नाही? आमच्या आक्कांचा प्रश्न अमेरिकेत आधीच विचारून झाला होता, हे सांगितल्यावर आक्का दोन दिवस फुशारकीत होत्या.

आता आम्ही हे सगळं रेडिओवर का सांगतोय ते सांगतो. त्यासाठी एक परवानगी घ्यायची होती, ती मिळाली आहे.

आमच्या गटात एक बाई होती. नाव, गाव, काम काहीच सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी ती जिथे कामाला जायची तिथल्या मुकादमाने तिच्यावर हात टाकला. ती ओरडली, पळाली, दुसऱ्या दिवशी आम्हाला येऊन सांगितलं. त्या दिवशी गोष्ट एवढीच होती. आठवड्याने गावात ती "दोघांत काहीतरी आहे" अशी झाली. महिन्याने "तिनेच पैशासाठी" अशी झाली. होळीपर्यंत ती नटते किती, हसते किती, हेही त्यात आलं. मुकादमाची गोष्ट जशी होती तशी राहिली. मुकादम होता, कामावर होता, अजून आहे.

आम्ही काय केलं? बैठक भरली. बँकेचं कर्ज मंजूर व्हायचं होतं, गटाचं नाव खराब होईल असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं तेही आम्हाला माहीत आहे, कारण ते आम्हीच म्हणालो. तिची बचत ४,२०० रुपये, व्याजासकट मोजून दिली, सही घेतली. नियमाने सगळं बरोबर होतं. ती सही करत असताना आम्ही कुणी तिच्याकडे बघितलं नाही. वहीत बघत होतो.

ओव्हिडचं ते देवीने तोंड फिरवल्याचं वाचलं, त्या बैठकीत मग कुणी बराच वेळ बोललं नाही. चहा तसाच निवला. शेवटी आक्का म्हणाल्या, "तिच्याकडं जायला पायजे." त्यावर वादही झाला. दोघी म्हणाल्या, आता जुनं उकरून तिला त्रास कशाला. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आणखी एकीने विचारलं, जाऊन बोलायचं काय, ग्रीसच्या गोष्टी सांगायच्या?

गेलो आम्ही पाच जणी, संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, मुद्दाम गावातून चालत, लोकांना दिसू दे म्हणून. तिने बसायला सतरंजी टाकली. आधी पाऊस, मग तिच्या लेकीची दहावी. मग आक्काच म्हणाल्या, "पोरी, आम्ही चुकलो. तू सांगितलंस ते सोडून बाकी समद्यांचं ऐकलं." ती काही बोलली नाही. चहा टाकला. आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही, आम्हाला स्टोचा आवाज येत होता.

चहा देताना तिने एकच विचारलं, "त्या दिवशी मी काय सांगितलं होतं ते कुणाच्या लक्षात आहे का?" आम्ही सांगू लागलो. तिने दोन ठिकाणी थांबवलं. "असं नव्हतं," म्हणाली, आणि मग सुरुवातीपासून स्वतः सांगितलं. दिवस उजाडायचा होता की उजाडला होता, हातात काय होतं, कुठल्या बाजूला पळाली. आमच्याही डोक्यात ते बदललं होतं. आम्ही तर तिच्या बाजूच्या म्हणून गेलो होतो.

गटात परत ये म्हटलं, तर "बघते" म्हणाली. रेडिओवर बोलू का विचारलं, तर म्हणाली, "बोला, पण तुमचंही सांगा." ते सांगितलं. बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते, दुपारी दोन वाजता, समाजमंदिरात. मागच्या दहा तारखेला ती आली नव्हती. तिच्या नावाचं नवं पासबुक आम्ही करून ठेवलंय, ते आक्कांच्या पेटीत आहे.